घरगुती वापरास हरकत नाही

नोकरी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चाचांना फोन केला, तर ते म्हणाले, "थांब. कोण बोलतंय? तू, का कंपनी?"

मी म्हटलं, मीच बोलतेय. ते म्हणाले, ते कळलं, पण मी म्हणजे कोण. मला वाटलं चेष्टा चाललीय. पण चाचा चेष्टा करत नसत. त्यांचं म्हणणं असं की कालपर्यंत मी एक होते, आजपासून दोन झाले, आणि दोघींशी एकदम बोलणं त्यांना जमणार नाही. कंपनीकडून बोलायचं असेल तर मी आधी तसं सांगायचं, म्हणजे ते 'तुम्ही' म्हणतील आणि चष्मा लावतील. फोनवर बोलायला चष्मा कशाला, हे मी विचारलं नाही. त्यांना विचारलं की ते सांगत बसत.

चाचा तिसगावचे. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. घर बाजारतळाच्या मागं, आणि विहीर गावापासून चांगली लांब. मोटर चालू करायला एवढी तंगडतोड करून जायचं आणि तिथं गेल्यावर कळायचं की लाईट नाही. त्यावर बाजारात मोबाईल स्टार्टरच्या पेट्या मिळत. आपण पेटीला फोन केला की मोटर चालू होते, आणि पेटी उलट फोन करून काय झालं ते सांगते. पण त्या पेटीतला प्रोग्राम बघायला मिळत नसे, आणि आत काय आहे ते दिसत नाही अशी वस्तू चाचांना घरात चालत नसे. घरच्या फ्रीजचा मागचा पत्रासुद्धा त्यांनी काढून माळ्यावर टाकला होता.

म्हणून त्यांनी स्वतःच प्रोग्राम लिहिला आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. कुणीही न्यावा, बदलावा, पेटीत भरून विकावा. अट एकच, जे बदलाल ते सगळ्यांना उघड दाखवायचं. बघता बघता गावोगावचे लोक त्यात भर घालायला लागले. कुणी व्होल्टेज मोजायचं सुधारलं, कुणी मोटर कोरडी चालली तर बंद पडायची सोय केली. एकमेकांची तोंडंसुद्धा न बघितलेली ही माणसं, आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट चालवलेली. पगार कुणालाच नाही.

पेटीतला आवाज चाचांचा होता. तो मुद्दाम तसा केला नव्हता. पहिल्यांदा आवाज भरायचा होता त्या दिवशी त्यांच्या मेव्हण्यानं चाचणी म्हणून सकाळपासून पेटीला सारखे फोन करून उच्छाद मांडला होता, आणि त्याच वैतागात चाचा बोलून गेले. "लाईट न्हाई. उगं फोन करू नका." "हिरीत पानी न्हाई. मोटार जाळायची का?" "एक फेज गेलाय. वायरमनला सांगा, मला काय सांगता." आणि सगळं ठीक असेल तर, "झाली चालू. आता जेवून घ्या." नंतर नीट आवाजात भरू म्हणाले आणि ते राहून गेलं. तोवर पेट्या चार जिल्ह्यांत पोचल्या होत्या.

चारच कशाला, ब्राझीलमध्येसुद्धा गेल्या होत्या. तिथला एक संत्री पिकवणारा तरुण या प्रोग्रामवर काम करायचा. पेटी आतल्या मोडेमवरून मोबाईलच्या नेटवर्कशी कशी बोलते तो सगळा भाग त्याचा. आम्ही त्याला म्हणालो होतो की तुझ्या भाषेत आवाज भर. त्यानं भरला आणि आठवड्यात काढून टाकला. त्याच्या मजुरांना चाचांचंच बरं वाटत होतं. लाईट गेली की तिकडचे गडी एकमेकांना 'लाईट न्हाई' म्हणतात, असं त्यानं कळवलं होतं.

चाचांकडे काम पाठवायची एक पद्धत होती. जो कोणी प्रोग्राममध्ये बदल सुचवेल त्यानं तो चाचांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. समोर बसून, नाहीतर फोनवर. एका दमात वाचून झाला तर चाचा "हं" म्हणत आणि बदल आत जाई. मध्येच श्वास घ्यावा लागला तर म्हणत, "दम लागला ना? मग तोड त्याला मधून." ब्राझीलवाला व्हिडिओवर वाचायचा, आणि संत्र्यांच्या बागेत उभं राहून त्यानं कंस, स्वल्पविराम धापा टाकत म्हटलेले मी ऐकले आहेत. नवं व्हर्जन फक्त बाजाराच्या दिवशी निघे. त्या दिवशी लोक भाजीच्या पिशवीत पेटी घालून आणत, आणि चाचांच्या ओट्यावर मेथीच्या जुड्या आणि पेट्या शेजारी शेजारी पडलेल्या असत.

मी तिथं गेले तेव्हा डिप्लोमा होऊन घरी बसले होते. आमचं गाव पाथर्डीच्या पुढं. आई-वडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे, माझ्या आठवणीत एकही वर्ष चुकलं नव्हतं. जीपनं तिसगावला जायचं, चाचांच्या खाटेवर बसून पेट्यांचे दोष शोधायचे, चाचींच्या हातचं जेवायचं आणि परत यायचं. यातून काय मिळतं असं वडील विचारायचे. मला सांगता यायचं नाही.

मग नगरच्या एमआयडीसीतली ती कंपनी आली. ती आमचाच प्रोग्राम घालून पेट्या विकत होती. आणखी दोन कारखानदारही विकत होते, त्यात गैर काही नव्हतं. पण या कंपनीला वाटलं की आपण या कामाला प्रायोजक व्हावं. आधी तिनं टी-शर्ट पाठवले. मग एक भलामोठा फ्लेक्स आला, त्यावर कंपनीच्या चेअरमनचा हसरा फोटो आणि खाली बारीक अक्षरात आमच्या कामाचं नाव. चाचींनी तो गच्चीवर अंथरून त्यावर कुरडया घातल्या. कंपनीचे मार्केटिंगचे साहेब पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा चेअरमनच्या दोन्ही गालांवर त्या वाळत होत्या. साहेब चांगल्या घरचे होते. त्यांनी कुरडया छान झाल्यात असं म्हटलं.

किती मदत हवी, असं त्यांनी चाचांना विचारलं. चाचा म्हणाले, पैसे नकोत, माणूस द्या. पगार तुमचा, काम सगळ्यांचं. आणि बाहेरचा नको, ही पोरगी घ्या. अशी मला नोकरी लागली. त्या दिवाळीनंतर आमच्या गल्लीत ट्रक आला तेव्हा आई-वडील त्यात चढले नाहीत.

आणि चाचांच्या लेखी मी दोन झाले. खाटेसमोर त्यांनी एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. ती कंपनीची. आपल्या मनानं काही बोलायचं असेल तर मी खाटेवर बसायचं, कंपनीचं म्हणणं मांडायचं असेल तर खुर्चीवर. मी खाटेवर असले की ते 'तू', 'हाय', 'न्हाई' करत. मी खुर्चीवर बसले की वर्गात शिकवताना बोलत तसं शुद्ध बोलायला लागत. खुर्चीवरच्या मॅडमचे बदल त्यांनी कितीदा तरी परत पाठवले. एकदा तर मी खाटेवर असताना मला म्हणाले, "त्या मॅडमला सांग, असं चालायचं न्हाई." मी म्हटलं सांगते. ते म्हणाले, आत्ता सांग. मी उठून खुर्चीवर बसले. त्यांनी चष्मा लावला, मला निरोप मिळाला का, असं विचारलं, आणि मिळाला म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

चहा घेऊन आलेल्या चाची दारात थांबायच्या आणि विचारायच्या, "आज दोघी का एकच?" दोघी असलो तर चहा जास्त लागेल असं त्यांना वाटे की काय, कोण जाणे.

वर्षभर असं बरं चाललं. मग कंपनीला आवाज खटकायला लागला. डीलर म्हणायचे, नवी पेटी घेतली की ती गिऱ्हाइकाच्या अंगावर वसकन येते. साहेब तिसगावला आले आणि चाचांना जरा गोड बोलायची विनंती केली. चाचा म्हणाले, गोड आवाज तुम्ही आणा. प्रोग्राम मोकळा आहे, बदला, आमची ना नाही.

कंपनीनं पुण्याहून एका बाईंचा आवाज भरून आणला. फार मधुर आवाज होता. "नमस्कार. आपल्या विश्वासाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. आपल्या मोटरला सध्या विद्युतपुरवठा उपलब्ध नसल्याचे कळवण्यास आम्हाला खेद वाटतो." खेद वाटून होईपर्यंत लाईट यायची आणि जायची. काही लोकांना बाई काय म्हणते ते कळत नव्हतं. काहींना कळत नसलं तरी ऐकायला आवडत होतं. एका गावात मोटर बंद असतानाही माणसं पेटीला फोन करत असल्याचं आमच्या लक्षात आलं.

आणि एक दिवस काष्टीहून एक बाई थेट कंपनीच्या ऑफिसात आल्या. हातात नवऱ्याचा मोबाईल. म्हणाल्या, ही कोण ती मला बघायचीय. रोज पहाटे हिचा फोन येतो आणि नवरा उठून शेतात जातो. त्यांनी फोनमध्ये टेप केलेलं आम्हाला ऐकवलं. "आपल्या आदेशाप्रमाणे मी आता सुरू झाले आहे. आपली आज्ञा होताच थांबेन." साहेबांनी कपाळाला हात लावला. मी त्यांना आत नेऊन टेबलावरची पेटी दाखवली, फोन करून बोलायला लावली. त्यांनी पेटीकडे बराच वेळ निरखून पाहिलं. "हिच्यापेक्षा तो म्हातारा बरा हुता," म्हणाल्या, आणि गेल्या.

तेच सगळीकडून यायला लागलं. लोकांना म्हातारा हवा होता. दुसऱ्या दोन कारखानदारांच्या पेट्यांत तो अजून ओरडत होता आणि त्यांचा खप वाढत होता. तेव्हा कंपनीनं ठरवलं की म्हातारा परत आणायचा, पण आता तो फक्त आपला. चाचांचा आवाज आणि कामाचं नाव, दोन्हीचे सगळे हक्क कंपनीकडे, दुसऱ्या कुणी वापरायचं नाही, असा करार तयार झाला. सही झाली नाही तर प्रायोजकत्व बंद. म्हणजे माझी जागाही बंद. आणि तो करार घेऊन मलाच पाठवलं.

मी खुर्चीवर बसले. चाचांनी चष्मा लावला आणि वाचायला सांगितलं. पहिल्याच वाक्यात मला तीनदा श्वास घ्यावा लागला. मी शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

"नाही, मॅडम," ते म्हणाले. "आपला आभारी आहे." मग चष्मा काढून त्यांनी खाटेवर हात थोपटला. "आता हितं ये. तू काय म्हनतीस?"

मी खाटेवर जाऊन बसले. म्हटलं, चाचा, मलाही हे पटत नाही. पण ही नोकरी गेली तर दिवाळीनंतर आई-वडील पुन्हा ट्रकमध्ये बसतील. चाची दारात होत्या, त्यांनी आज दोघी का एकच ते विचारलं नाही. चाचा म्हणाले की आवाज माझ्या गळ्यातला असला तरी पेटीतला एकट्याचा नाही, सगळ्यांना विचारू. साहेबांना बाजाराच्या दिवशी बोलाव.

साहेब आले. ओट्यावर जागा नव्हती म्हणून त्यांना खुर्चीसकट अंगणात बसवलं. भोवती पेट्या घेऊन आलेली माणसं. साहेबांनी समुदाय, भागीदारी, उज्ज्वल भवितव्य असं बरंच सांगितलं. पहिला प्रश्न आला की रात्रीची लाईट दिवसा कधी करणार. साहेब म्हणाले ते आमच्याकडे नाही. मग तुमच्याकडं हाय काय, असं कुणीतरी मागून विचारलं. शेवटी एक म्हातारे शेतकरी उठले. चाचांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांनी शांतपणे विचारलं, "आवाज कंपनीचा झाल्यावं, ह्यानं बाजारात भाव करायचा का न्हाई?"

लोक हसले. चाचा हसले नाहीत. त्यांना प्रश्न रास्त वाटला, आणि त्यांनी साहेबांकडे उत्तर मागितलं. साहेब प्रामाणिक होते. हसण्यावारी न्यायचं सोडून त्यांनी तिथूनच कंपनीच्या वकिलांना फोन लावला. वकिलांनी थोड्या वेळानं लेखी उत्तर पाठवलं आणि साहेबांनी ते वाचून दाखवलं. घरगुती वापरास हरकत नाही. मात्र सार्वजनिक ठिकाणी बोलण्यापूर्वी पूर्वपरवानगी घेणे इष्ट.

चाचांनी मान डोलवली आणि तोंड मिटलं.

आम्हाला आधी कळलंच नाही. सभा संपली, लोक पेट्या पुढं करून विचारायला लागले, आणि चाचा खुणा करायला लागले. मला त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं. वस्तू कुणाची याचा वाद चालू असताना ती वापरणं बरोबर नाही. घरात बोलायला हरकत नव्हती, पण घरात पाच मिनिटंसुद्धा बाहेरचं कुणी नाही असं कधी होत नसे, म्हणून ते घरातही गप्प राहिले. बाजारात वांग्यांचा भाव बोटांनी करायचे. वांगीवाला म्हणायचा, यात चाचांचं भागतं, माझंच नुकसान होतं, कारण खुणांशी भांडता येत नाही.

पण "हं" म्हणायला चाचा बोलत नव्हते, म्हणून कुणाचाच बदल आत जाईना. नेमकं त्याच सुमाराला मोबाईल कंपन्यांनी आमच्या भागातलं जुनं नेटवर्क बंद करायला घेतलं, आणि पेट्या मुक्या व्हायला लागल्या. नवा प्रोग्राम रब्बीच्या आत हवा होता. कंपनीला आपली वेगळी प्रत काढून दुरुस्त करायची मुभा होती. मी तसं करून पाहिलं. पण नेटवर्कचा भाग ब्राझीलवाल्याचा, आणि तो म्हणाला, मी कंपनीला वाचून दाखवणार नाही, चाचांना दाखवीन. मी दोघांचा व्हिडिओ जोडून दिला. त्यानं पाहिलं की चाचा बोलत नाहीत. मी कारण सांगितलं. ते ऐकून तोही बोलायचा थांबला. इकडे चाचा, तिकडे बागेत तो, दोघं एकमेकांकडे बघत बसले. मध्येच एकानं मान हलवली की दुसराही हलवायचा. मी बराच वेळ फोन धरून उभी होते. माझ्या हाताला कळ लागली.

शेवटी साहेब एकटेच तिसगावला आले, मोटारसायकलवर. खुर्चीवर बसले. कंपनी फेरविचार करत आहे, आपण मौन सोडावं, असं म्हणाले. चाचांनी चष्म्यातून पाहिलं आणि काही केलं नाही. मग साहेबांनी बूट काढले, उठले आणि खाटेवर येऊन बसले. आणि एकदम गावाकडचं बोलायला लागले.

"चाचा, आमच्या वडलांची मोटार बंद हाय ओ. कांद्याची रोपं वाळाय लागलीत."

"मोडेम कंचा हाय?" चाचा म्हणाले.

त्या दुपारी ब्राझीलवाल्यानं आपला भाग वाचून दाखवला. त्याला दोनदा दम लागला आणि चाचांनी दोन्ही वेळा तोडायला लावलं. साहेबांनी कंपनीत जाऊन काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण करार पुन्हा कुणी काढला नाही. नाराज झाल्या फक्त चाची. चहा देताना साहेबांना म्हणाल्या, "अजून थोडे दिवस ऱ्हाऊ द्यायचा हुता की हक्क तुमच्याकडं. घर कसं शांत हुतं."

चाचा मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. एकाच दाराचा पगार म्हणजे एकाच दाराची धास्ती, असं म्हणून ते दुसऱ्या दोन्ही कारखानदारांकडे स्वतः गेले. पेट्या तुम्हीही विकता, मग माणसाचा भार तुम्हीही उचला. कसं पटवलं कोण जाणे, पण तिघांनी मिळून माझा पगार द्यायचं ठरलं. चाचांनी तिसगावच्या बाजारातून आणखी दोन खुर्च्या आणल्या, एक निळी आणि एक हिरवी. एखाद्या मुद्द्यावर तिन्ही कंपन्यांचं मत वेगळं असलं की मला घरभर फिरावं लागे.

त्या दिवाळीनंतर ट्रक आला तेव्हाही माझे आई-वडील घरीच राहिले. वडील शेजाऱ्यांचं सामान बांधायला मदत करून आले आणि ओट्यावर बसले. त्याच दिवशी चाचा जीपनं आमच्याकडे आले, पहिल्यांदाच. आईनं भाकरी केली. वडिलांना किती दिवस विचारायचं होतं ते त्यांनी आता चाचांना विचारलं, ही नक्की करते काय.

चाचा म्हणाले, "फुकटचं काम करती. आन ते फुकट ऱ्हावं म्हनून तिला पगार भेटतो."

वडिलांनी यावर विचार केला. त्यांना ते पटलं की नाही ते कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तुमी मदी बोलायचं बंद केल्तं म्हनं."

"व्हय."

"का बरं?"

"आवाज कुनाचा ते ठरत नव्हतं."

वडिलांनी भाकरी मोडून त्यांच्या ताटात वाढली. "मग? ठरलं का?"

"न्हाई," चाचा म्हणाले. "पर आता कुनी इचारत न्हाई."